मागे न घेता येणारं अस्त्र

माझी सगळी नोकरी लष्कराच्या इंजिनिअर दलात गेली. सॅपर म्हणतात आम्हाला. नदीवर पूल टाकायचे, डोंगरात रस्ते काढायचे, शत्रूचे सुरुंग उचलायचे आणि वेळ आली की आपले पेरायचे, ही आमची कामं. सुभेदार म्हणून घरी आलो आणि आता माण तालुक्यात बाजरी, ज्वारी आणि थोडंसं डाळिंब करतो. आमच्या सातारा जिल्ह्यात फौज ही काही लांबची गोष्ट नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धापासून तिथली पोरं फौजेत जात आली आहेत.

हे आधी सांगतो, कारण पुढं जे मांडणार आहे ते युद्धाला भिणाऱ्या माणसाचं बोलणं आहे असं कुणी समजू नये. देशाला फौज लागते, फौजेला शस्त्र लागतं आणि प्रसंगी ते चालवावं लागतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तुकोबांनी दयेचा अर्थ सांगताना भूतमात्रांचा सांभाळ आणि दुष्टांचं पारिपत्य ही दोन्ही कामं एकत्र धरली. वारकऱ्याच्या घरात जन्मून फौजेत गेलेल्या माझ्यासारख्याला त्या अभंगाचा कायम आधार वाटत आला.

आणि तरीही माझं स्पष्ट म्हणणं आहे की माणसाच्या पायाखाली पुरायचा सुरुंग आपल्या देशानं टाकून द्यावा. शत्रू टाकेल तेव्हा आपणही टाकू, असं म्हणत थांबू नये. रक्षण कशाला म्हणायचं याचा जो विचार आपल्या ग्रंथांनी केला आहे, त्यात हे शस्त्र कुठंच बसत नाही.

हा विषय निघाला तो श्रावणात. आमच्याकडे मारुतीच्या देवळात पांडवप्रतापाची पोथी लागते. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले होते, आणि तेव्हापासून पारावर, सलूनमध्ये, दूध डेअरीच्या ओट्यावर लोकांना दुसरा विषय नव्हता. पोथी संपल्यावर भरतीची तयारी करणारा एक पोरगा मला म्हणाला, “आबा, सीमेवर एवढी माणसं कशाला उभी करायची? सगळीकडं सुरुंग पेरून मोकळं व्हायचं. त्याला जेवण नको, रजा नको, पेन्शन नको.”

पोरगा चांगला आहे, रोज पहाटे पाच किलोमीटर पळतो. त्यानं सुरुंग पाहिलेला नाही एवढंच. त्याला देवळात जे सांगितलं, तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

आम्ही वापरायचो त्या सुरुंगाचं नाव एम-१४. प्लास्टिकचा, बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढा, मुठीत लपेल असा. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, त्यातलं स्फोटक साधारण तीस ग्रॅम. एवढ्यानं माणूस सहसा मरत नाही. पाऊल जातं. हाडाचे तुकडे, बुटाचं चामडं आणि माती पोटरीत वर घुसते आणि डॉक्टरांना पाय बराच वरून कापावा लागतो. त्याचा बेतच तसा आहे. मेलेला जवान एकटा पडतो. जखमी झालेल्याला उचलायला आणखी तिघं-चौघं लागतात, मग पुढं सरकणारी तुकडी अडते. खडकीला ट्रेनिंगमध्ये हे आम्हाला सरळ सांगितलं होतं आणि आम्ही ते सरळ वहीत उतरवलं होतं.

त्याच वहीत आणखी एक आकडा होता. वरच्या तबकडीवर नऊ ते सोळा किलोचा दाब पडला की सुरुंग उडतो. अनेक वर्षं मी तो आकडा जवानांकडून पाठ करून घेतला. मग नात झाली. ती पाच वर्षांची असताना अंगणवाडीताईंनी तिचं वजन करून कार्डावर लिहिलं, साडेपंधरा किलो. कार्ड हातात घेऊन मी ओट्यावर बसलो तो बराच वेळ उठलो नाही. शत्रूचा जवान पाठीवरच्या सामानासकट नव्वद-शंभर किलोचा असतो. त्याच्यासाठी म्हणून केलेलं शस्त्र माझ्या नातीच्या वजनालाही पुरतं. त्याच्यात फरक करायची सोयच नाही.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि काही दिवसांतच सगळी फौज पश्चिम सीमेवर गेली. ऑपरेशन पराक्रम. १९७१ नंतर एवढी मोठी सुरुंगपेरणी झाली नव्हती. आमची तुकडी राजस्थानात, श्रीगंगानगर जिल्ह्यात होती. राजस्थान म्हटलं की आपल्याकडे नुसती वाळू डोळ्यांपुढं येते, पण तो कालव्याच्या पाण्याचा मुलूख आहे. डिसेंबरअखेर मोहरी फुलावर आलेली, गहू वीतभर वर आलेला. त्या उभ्या पिकात आम्ही पांढऱ्या फिती ताणल्या आणि ओळीनं सुरुंग पुरत गेलो.

शेताचा मालक सत्तरीचा असेल. पहिल्या दिवशी तो बांधावर नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी गूळ घातलेला चहा घेऊन आला, किटली आणि पितळी पेले. मला म्हणाला, “फौजी, पेर. मुलखासाठी आहे, मी नाही म्हणणार नाही. काढायला मात्र तूच ये. तुला ठाऊक आहे कुठं काय ठेवलंस ते.” त्याच्या म्हातारीचं मागणं त्याहून लहान होतं. शेताच्या कोपऱ्यात त्यांच्या पितरांचं ठाणं होतं, चार विटांचं. तेवढं सोडा म्हणाली. नकाशातली ओळ तिथूनच जात होती. सोडता आलं नाही.

सुरुंग पुरल्यावर शेवटची गोष्ट म्हणजे त्याची सेफ्टी क्लिप काढायची. क्लिप निघाली की तो जिवंत झाला. या क्लिपा टाकून द्यायच्या नसतात. पिशवीत जमा करायच्या, ओळीप्रमाणे मोजायच्या, अंमलदाराच्या ताब्यात द्यायच्या. जेवढ्या क्लिपा, तेवढे सुरुंग जमिनीत. काढताना तेवढेच परत आले पाहिजेत. नकाशा, कुंपणाची दुहेरी तार, तिच्यावर लाल त्रिकोणी पाट्या, सगळं नियमाप्रमाणे केलेलं होतं, हे आवर्जून सांगतो. जंगलातला बंडखोर पेरतो तसं आम्ही पेरलं नव्हतं.

ऑक्टोबर २००२ मध्ये फौजा मागे घ्यायचा निर्णय झाला. लढाई झालीच नाही. एकही लढाई न होता त्या मोहिमेत शेकडो जवान गेले. सगळेच सुरुंगानं गेले असं नाही, पण सुरुंगानं गेलेले आणि लंगडे झालेले त्यात होते, आणि आपल्याच सुरुंगानं झाले.

आम्ही काढायला परत गेलो तेव्हा जमीन तीच राहिली नव्हती. मधे पावसाळा होऊन गेला होता. कालव्याचं पाणी झिरपलं होतं, पश्चिमेकडून रेती येऊन बसली होती, उंदरांनी बिळं केली होती. नकाशावरच्या खुणा खऱ्या होत्या, माती मात्र हलली होती. गुडघ्यावर बसायचं, प्रॉडरची सळई तिरपी धरून जमिनीत बोटा-दोन बोटांच्या अंतरानं हलक्या हातानं टोचत जायचं. डिटेक्टरचा भरवसा धरायचा नाही, कारण प्लास्टिकच्या डबीत धातू नावालाच असतो. आमच्या सेक्शनमधल्या कराडकडच्या एका पोराचा डावा पाय याच कामात गेला. सगळं बरोबर करत होता. सुरुंग मूळ जागेपासून सरकून तिरपा झाला होता, एवढंच कारण.

एका ओळीत क्लिपांपेक्षा तीन सुरुंग कमी भरले. एक पाण्याच्या चारीत वाहून गेलेला सापडला. दुसरा त्या म्हाताऱ्याच्या म्हशीनं शोधला. तिसरा मिळाला नाही. कुत्री हुंगून गेली, रोलर फिरवून झाला, तरी नाही. साहेबांनी म्हाताऱ्याला खरं काय ते सांगितलं. पुढं त्या भागात पोस्टिंगवर गेलेल्या एका जवानाकडून कळलं की तेवढा पट्टा त्यानं पडीक टाकला होता.

कराडकडच्या त्या पोराला भेटायला मी पुण्याला कृत्रिम अवयव केंद्रात जायचो. वानवडीचं हे केंद्र १९४४ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी सुरू झालं. तिथले कारागीर उरलेल्या पायाचा प्लास्टरमध्ये साचा घेतात, त्यावरून नवा पाय करतात, मग तो घासून घासून बसवतात. काम फार सुंदर करतात. पोरगं आज ट्रॅक्टर चालवतं. पण साचा घेताना त्या पायाच्या टोकाची कातडी मी जवळून पाहिली, आणि तेव्हापासून अश्वत्थाम्याची गोष्ट मला निराळी ऐकू येऊ लागली.

ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण अर्धीच. रात्री पांडवांच्या छावणीत शिरून त्यानं झोपलेल्यांना मारलं, द्रौपदीची पाच मुलं मारली, इथपर्यंत लोक सांगतात. खरी गोष्ट त्यापुढं आहे. पांडव त्याला गंगेकाठी गाठतात. तो गवताची काडी उचलतो, तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राचा मंत्र घालतो आणि पांडवांचा निर्वंश होवो म्हणून सोडतो. त्याला उत्तर म्हणून अर्जुनही तेच अस्त्र सोडतो. मात्र सोडताना आधी गुरुपुत्राचं, म्हणजे समोरच्या शत्रूचंच, कल्याण चिंततो आणि नंतर स्वतःचं आणि भावांचं. त्याला फक्त समोरचं अस्त्र शांत करायचं होतं. मग व्यास आणि नारद दोन अस्त्रांच्या मधे येऊन उभे राहतात आणि दोघांना सांगतात, मागे घ्या.

अर्जुनानं घेतलं. अश्वत्थाम्याला घेता येईना. त्याला सोडण्याची विद्या होती, आवरण्याची नव्हती. द्रोणाचार्यांनी पोटच्या पोराच्या हट्टापायी त्याला हे अस्त्र दिलं होतं, आणि देताना बजावलं होतं की माणसांवर कधी वापरू नकोस. आता सुटलेलं अस्त्र कुठंतरी पडणार. ते पांडवांच्या सुनेच्या, उत्तरेच्या, गर्भावर पडलं. ज्याला अजून जन्म नाही, नाव नाही, बाजू नाही, अशा जिवावर. पुढं कृष्णानं त्या मुलाला जिवंत केलं, तो परीक्षित.

यापुढं मला कुणी भाष्य सांगायची गरज राहिलेली नाही. महाभारतानं दोन्ही योद्ध्यांच्या हाती एकच अस्त्र दिलं. ज्याला ते आवरता येतं तो रक्षक आणि ज्याला येत नाही तो शापित, एवढा साफ निवाडा करून ठेवला. सुरुंग पेरला आणि क्लिप काढली की मी अश्वत्थाम्याच्या जागी जातो. माझं चारित्र्य कितीही चांगलं असो, हेतू कितीही शुद्ध असो. दिल्लीतून शांततेची घोषणा झाली, दोन्हीकडच्या साहेबांनी हात मिळवले, तरी त्या डबीला ते कळवायची सोय नाही. बंदूक मी खाली करू शकतो. तोफ थांबवू शकतो. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये युद्ध टळलं तेव्हा बाकी सगळी शस्त्रं शांत झाली, सुरुंगांचं युद्ध मात्र चालूच राहिलं, आणि ते आपल्याच माणसांशी.

भीष्मपर्वात युद्ध सुरू होण्याआधी दोन्ही पक्ष नियम ठरवतात. त्यातला एक असा की वार करण्याआधी समोरच्याला सावध करावं आणि जो विश्वासानं, बेसावध उभा आहे त्याला मारू नये. जमिनीवर पाऊल टाकणाऱ्या माणसाइतका विश्वासानं वागणारा दुसरा कोण असतो? शेतकरी रानात जातो तेव्हा पायाखालच्या मातीचा विचारसुद्धा करत नाही. सुरुंग नेमका त्या विश्वासावर वार करतो.

आमचे निवृत्त गुरुजी पोथीला असतात. त्यांनी तिथंच अडवलं. म्हणाले, “सुभेदार, नियम पांडवांनीही मोडले. कर्णाचं चाक रुतलेलं होतं. दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारली. आणि तुमचं हे जे चाललंय ना, हा अर्जुनाचा मोह आहे. फौजी माणसाला शोभत नाही.”

पहिली गोष्ट कबूल. नियम मोडले, आणि महाभारत ते झाकत नाही. पण प्रत्येक मोडलेल्या नियमाची टोचणी त्या ग्रंथात शेवटपर्यंत राहते, आणि काही अपराध तर तो पोटातच घालत नाही. झोपलेल्यांची कत्तल आणि गर्भावर पडलेलं अस्त्र त्यांत येतात. आपण आज देशाचं धोरण ठरवताना अर्जुनाकडून शिकायचं की अश्वत्थाम्याकडून, एवढाच प्रश्न आहे.

दुसऱ्या गोष्टीवर मी बरेच दिवस विचार केला. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पहिल्याच प्रवचनात विनोबा सांगतात की अर्जुन काही अहिंसेमुळे लढाई नाकारत नव्हता. आयुष्यभर त्यानं लढायाच केल्या होत्या. आपली माणसं समोर दिसली म्हणून त्याचे हात थरथरले. त्यासाठी ते एका न्यायाधीशाचा दाखला देतात. शेकडो जणांना फाशी देणारा हा न्यायाधीश, खटल्यात स्वतःचा मुलगा आला तेव्हा फाशी ही शिक्षाच कशी अमानुष आहे ते सांगू लागला. विनोबांची ही कसोटी कडक आहे, आणि ती मी स्वतःला लावून पाहिली. माझ्या नातीच्या वजनानं मला धक्का बसला हे खरं. पण माझी नात माण तालुक्यात आहे. तिच्या पायाखाली कुणी काही पुरलेलं नाही. ज्यांच्या रानात पुरलं ते माझे कुणी नव्हते. सीमेच्या कुंपणापलीकडे शेळ्या वळणारा पोरगा तर माझ्या देशाचाही नव्हता. त्यांच्या पायांची काळजी वाटणं याला मोह म्हणता येत नाही. मोह आपल्या माणसापाशी थांबतो.

शिवाय गीतेची सुरुवात आठवा. अर्जुन आधी काय मागतो? रथ दोन्ही सैन्यांच्या मधे ने, मला कोणाशी लढायचंय ते पाहू दे. कृष्ण त्याला हे विचारू नकोस असं म्हणत नाही. रथ मधोमध नेतो आणि पाहा म्हणतो. अठरा अध्यायांचा सगळा उपदेश या पाहण्यानंतर येतो. लढायचा निर्णयही या पाहण्यानंतर होतो. मला यात क्षात्रधर्माची पहिली अट दिसते: ज्याला मारणार त्याला पाहिलं पाहिजे. सुरुंग कुणाला पाहत नाही, आणि तो उडतो तेव्हा पाहणारा कुणी जागेवर नसतो. हल्ली स्वतःच लक्ष्य निवडून स्वतःच मारणारी यंत्रं येत आहेत, त्यांनाही हीच अट लावावी लागेल. तो विषय मोठा आहे, इथं लांबवत नाही.

आता व्यवहाराचं बोलतो, कारण धर्माचं पटलं तरी लोक म्हणतात, सीमा राखायची कशी?

खडकीला पहिल्या आठवड्यात शिकवतात की ज्या अडथळ्यावर आपला मारा नाही तो अडथळाच नाही. नुसते सुरुंग पेरून फौज माघारी आली, तर वेळ आणि सळई असलेला कुणीही वाट काढून येतो. सुरुंग शत्रूला फक्त थोडा वेळ थांबवतो. त्या वेळात त्याला टिपणारा जवान समोर असावाच लागतो. म्हणजे रजा न मागणारा तो शिपाई एकटा काही कामाचा नाही. जिवंत माणूस तिथं पाहिजेच आहे. आणि माणूस आहे, दुर्बीण आहे, रात्री दिसणारा कॅमेरा आहे, हालचाल टिपणारी उपकरणं आहेत, कुंपणावर दिवे आहेत, तर मग स्फोटाची कळ त्याच्या हातात का नको? जवान पाहतो, ओळखतो आणि मग दाबतो, अशी साधनं आहेत आणि आंतरराष्ट्रीय कराराचा त्यांना विरोध नाही. करार फक्त त्या सुरुंगांच्या विरोधात आहे जे पाऊल पडलं की आपोआप उडतात.

हा करार १९९७ च्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या ओटावाला सह्यांसाठी ठेवला गेला आणि १ मार्च १९९९ पासून लागू झाला. दीडशेहून अधिक देश त्यात आले. भारत, पाकिस्तान, चीन, रशिया आणि अमेरिका आले नाहीत. आपण त्यापेक्षा सौम्य असा एक नियम मानतो: सुरुंग डिटेक्टरला सापडेल इतका धातू त्यात असावा, पेरलेल्या जागेची नोंद आणि कुंपण असावं. तो नियम चांगला आहे. पण वर सांगितलेल्या मोहरीच्या शेतात नोंद होती, कुंपण होतं, शिस्त होती, आणि तरी तिसरा सुरुंग सापडला नाही. काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेच्या उतारांवर पावसात आणि बर्फात सुरुंग घसरतात आणि गस्तीवरच्या आपल्याच जवानांना लागतात, हे तिथं राहिलेल्या कुठल्याही सॅपरला विचारा.

एक आक्षेप मी हलका मानत नाही. २०२५ मध्ये लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड या देशांनी ओटावा करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. रशियानं युक्रेनमध्ये काय केलं ते त्यांनी पाहिलं, आणि लहान देशाला मोठ्या शेजाऱ्याची भीती वाटते. त्या भीतीला नावं ठेवणार नाही. पण आपण लहान देश नाही. आपल्याकडे जगातल्या सर्वांत मोठ्या फौजांपैकी एक आहे, अण्वस्त्रं आहेत. आणि त्या अण्वस्त्रांबद्दलही आपण जगाला सांगितलं आहे की आम्ही पहिल्यांदा वापरणार नाही. सगळ्यांत मोठ्या अस्त्राला आवर घालून राहता येतं, तर पॉलिशच्या डबीला का नाही?

आणि आपण शस्त्राची एक पूर्ण जात याआधी टाकलेली आहे, हे किती जणांना माहीत आहे? भारताकडे रासायनिक अस्त्रांचा साठा होता. १९९३ मध्ये आपण रासायनिक अस्त्रबंदीच्या करारावर सही केली, १९९७ मध्ये साठा असल्याचं जाहीर केलं आणि २००९ पर्यंत तो आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली शेवटच्या थेंबापर्यंत नष्ट केला. त्यामुळे सीमा कुठं कच्ची पडली? कारगिलची लढाई आपण त्याच काळात जिंकली, आणि ती जवानांनी डोंगर चढून, समोर पाहून, लढून जिंकली. श्रीलंकेचंही पाहा. तिथल्या सुरुंगांनी १९८७ ते १९९० दरम्यान आपल्या शांतिसेनेचे किती पाय घेतले, हे आमच्या आधीच्या पिढीचे सॅपर सांगायचे. यादवी संपल्यावर त्या देशानं जाफनाकडची शेतं सुरुंगमुक्त करायला घेतली आणि २०१७ मध्ये ओटावा करार स्वीकारला.

शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीत असलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना लिहिलेलं एक पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण जपून वापरा, ती संपली की तुम्ही रयतेच्या दारात जाल, लुबाडाल, मग लोक म्हणतील याहून मोगल बरे, असा त्याचा रोख. पुढं ते आगीबद्दल बजावतात: चुली, चिलमी सांभाळा, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि वैरण पेटेल. स्वराज्य उभं करणारा राजा छावणीतल्या उंदराचा विचार करतो! आपल्या रक्षणाच्या साधनांनी आपलीच रयत होरपळू नये, ही त्याची काळजी होती. कुणी मला सुरक्षेचं पुरोगामी धोरण म्हणजे काय असं विचारलं, तर मी ते पत्र दाखवीन. त्या कसोटीवर आपला सुरुंग लावून पाहा. पाऊस, रेती, उंदीर, म्हैस यांतल्या कशाचाच विचार त्यात नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. आपोआप उडणाऱ्या माणूसमार सुरुंगांचं उत्पादन भारतानं थांबवावं. असलेला साठा मुदत ठरवून नष्ट करावा. नियंत्रण रेषेवर त्यांच्या जागी नजर ठेवणारी उपकरणं आणि जवानाच्या हातात कळ असलेली साधनं आणावीत, आणि त्याला लागेल तो पैसा द्यावा. तो पैसा संरक्षणावरचाच खर्च आहे. ज्यांच्या रानात सुरुंग पेरले गेले त्या शेतकऱ्यांना पिकाच्या भरपाईवर न थांबवता, पाय गेला असेल तर जवानाला मिळते तशी कायमची पेन्शन द्यावी. त्यांच्या शेतातून देशाची सीमा राखली गेली, त्या अर्थानं तेही ड्यूटीवरच होते. आणि मग ओटावा करारावर सही करावी.

देवळातल्या त्या पोराला मी म्हणालो, तू भरती हो, आणि जमलं तर सॅपरच हो. सीमेला माणूस लागतो. जेवण मागणारा, रजा मागणारा, समोर कोण आहे ते पाहून बोट थांबवू शकणारा माणूस लागतो.

वाचकांना एक विनंती. आपल्या भागातून संसदेत गेलेल्या प्रतिनिधीला एक पोस्टकार्ड टाका आणि विचारा, रासायनिक अस्त्रं टाकणारा देश हा सुरुंग का टाकत नाही. उत्तर आलं तर ते गावात वाचून दाखवा. नाही आलं तर पुढच्या निवडणुकीत समोरासमोर विचारा.